राखणदाराचं देणं कोणाच्या नावावर?

प्रश्न: मी मूळची सिंधुदुर्गातली, वाढले डोंबिवलीत. गेली दोन वर्षं एक डार्क फँटसी कादंबरी लिहितेय. कथा 2025 मधली आहे. नायिका रेवती, वय 27, मुंबईत नोकरी करते. वडील वारल्यावर ती गावी जाते आणि तिला कळतं, की शिवेवरचा राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारी अदृश्य शक्ती, खरा आहे आणि एका मांत्रिकाने त्याला बांधून ठेवलंय. हे जग उभं करताना मी दोन वह्या भरल्या: राखणदारांची सात घराणी, त्यांच्या शक्ती, चंद्राच्या कलांप्रमाणे बदलणारे नियम, नकाशा, तीनशे वर्षांचा इतिहास. पण तिसऱ्या प्रकरणापुढे गाडी हलत नाही. दोन मैत्रिणींना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, जग भारी आहे, पण रेवती लक्षात राहत नाही आणि मांत्रिक नेहमीचाच वाटतो. आधी पात्रं घडवायची की आधी जग? आणि मालवणी किती वापरायची? सोबत तीन प्रकरणं आणि वह्यांतली काही पानं पाठवतेय.
– स. म., डोंबिवली

उत्तर:

प्रिय स. म.,

तुमची तिन्ही प्रकरणं वाचली, वह्यांची पानंही वाचली. दुसऱ्या प्रकरणात एक जागा आहे. काका रेवतीला कणकवली स्टेशनवरून मोटरसायकलवर घेऊन येतात. गावाच्या शिवेवर गाडी थांबवतात, विडी पेटवतात, ती तशीच जळती दगडावर ठेवतात आणि पुन्हा किक मारतात. रेवती काही विचारत नाही, काका काही सांगत नाहीत. जेमतेम चार ओळी. तुमच्या कादंबरीतलं जग मला तिथे पहिल्यांदा दिसलं आणि काकाही तिथेच कळले. पुढच्याच पानावर मात्र सात घराण्यांची वंशावळ सुरू होते, ती दीड पान चालते आणि तेवढ्या वेळात काका, रेवती, मोटरसायकल सगळेच गायब होतात.

तेव्हा लिहिता येण्याचा प्रश्न नाही. ते तुम्हाला येतं. अडलंय ते असं, की वह्यांमधलं जग कोणाकडे काही मागतच नाही. शक्ती आहेत, त्यांची नावं आहेत, पण त्या शक्तीसाठी कोणी काय मोजलं, कोणाचं फेडायचं राहिलं, कोण अजून फेडतंय, यावर अवाक्षर नाही. शिवेवरच्या विडीत ते आहे. तो माणूस रोज येता-जाता काहीतरी देतोय, इतकी वर्षं देतोय, की आता त्याचं त्यालाही जाणवत नाही.

म्हणून आधी पात्र की आधी जग, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. प्रत्येक पात्राचं त्या शक्तीशी देणंघेणं काय, ते ठरवा. काका काय देतात, वडिलांनी काय बुडवलं, रेवतीच्या माथी काय आलं. देणं ठरलं की माणूस उभा राहतो आणि त्याच देण्यातून जगाचा नियमही हाती लागतो. दोन्ही कामं वेगळी करायला गेलात, म्हणून एकीकडे भरगच्च वह्या आणि दुसरीकडे फिकी रेवती अशी फाळणी झाली.

सात घराणी मला कादंबरीत नकोत. तुमची मेहनत दिसते, पण ती घराणी जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही फँटसीत चालतील आणि तुमच्या गावाकडे तर याहून फार सरस माल पडलेला आहे. देवळातलं गाऱ्हाणं या कादंबरीसाठी म्हणून पुन्हा एकदा ऐका. घालणारा गावातल्या सगळ्या देवस्थानांना मानाप्रमाणे हाक मारतो, कोण मागतोय ते सांगतो, काय मागतोय ते सांगतो, चुकलंमाकलं पदरात घ्यायला सांगतो, पोटासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांवर नजर ठेवायला सांगतो आणि दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सगळ्यांसमोर, साक्षीने केलेला हा करार आहे. यातून तुमच्या जगाचा पहिला नियम सरळ निघतो: जे मागायचं ते चारचौघांत मागायचं. मग एखाद्याने एकट्याने, रात्री, साक्षीदाराशिवाय मागितलं तर? त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोण होतं? अंधाराला शिरायला एवढी फट पुरेशी आहे.

कौलाचंही तसंच. देवाला लावलेलं फूल उजवीकडचं पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार, तिसरं उत्तर नाही. मग सगळी ताकद प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात जाते. गावात प्रश्न कोण विचारतो, कोणत्या शब्दांत विचारतो आणि कोणाला विचारायची मुभाच नाही, यावर अख्खं प्रकरण उभं राहील. मान कोणत्या घराकडे, पहिला नारळ कोणाचा, यावरून आपल्याकडे भावकीत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं नसतं. तुमच्या वहीतल्या घराण्यांची लढाई तुम्हाला इथे मिळेल आणि ती खोटी वाटणार नाही.

आणि आचऱ्याची गावपळण. मालवण तालुक्यातलं हे गाव दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन तीन दिवस, तीन रात्री रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर जातात आणि राहुट्या बांधून राहतात. परत फिरायचं तेही कौल मिळाल्यावर. शेजारच्या चिंदरलाही ही प्रथा आहे. तुम्ही सिंधुदुर्गातल्या, तुम्हाला हे माहीत असणारच, तरी वह्यांत त्याचा मागमूस नाही याचं मला आश्चर्य वाटलं. यात नियम किती साधा आहे बघा: गाव तीन दिवस आपलं नसतं. आता लेखिका म्हणून त्याला धरून बसा. अंथरुणाला खिळलेली म्हातारी कशी न्यायची? त्याच आठवड्यात बाळंत होणारी असेल तर? अंगणातल्या सीसीटीव्हीचं काय? तो चालू ठेवायचा की बंद, यावरून घरात भांडण होईल की नाही? होईल. आणि त्या भांडणात तुमची चार पात्रं आपोआप वेगवेगळी बोलायला लागतील. आजच्या काळातली फँटसी ती हीच. मोबाइल आणि रील्स घातल्याने कथा आजची होत नाही. जुना नियम आजच्या सोयींना कुठे आडवा येतो, ते दाखवलं की होते. (गावाचं नाव मात्र काल्पनिक ठेवा. जिवंत गावाच्या श्रद्धेला आपल्या कथेतलं पाप चिकटवायचं नसतं.)

आता रेवतीकडे येते. ती लक्षात राहत नाही, कारण तिला या सगळ्यात गमावण्यासारखं काही नाही. तिला धक्का बसतो, ती घाबरते, ती शोध घेते. हे कोणीही करील. तिच्या नावावर काहीतरी चढवा.

पहिल्या प्रकरणात तुम्ही ओझरतं लिहिलंय: 'आजोबा गिरणीत होते.' आणि पुढे निघून गेलात. अहो, तिथेच तर थांबायचं होतं! 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि कोकणातली किती घरं त्यात बसली याला गणती नाही. लालबाग-परळच्या खोलीत गावातले दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे, भिंतीला प्रत्येकाची ट्रंक. त्यातली एक ट्रंक घेऊन रेवतीचे आजोबा त्या वर्षीच्या शिमग्याला गावी आले, पगार नाही, खिशात काही नाही, असं समजा. आणि रात्री एकटेच शिवेवर गेले. गाऱ्हाणं नाही, मानकरी नाहीत, साक्षीला कोणी नाही. काय मागितलं? धाकट्याला मुंबईत कायमची नोकरी लागू दे. काय कबूल केलं?

इथे रक्त, बळी, डोळे असलं काही लिहू नका. भीती वाटेल असं साधं देणं शोधा. मला सुचतंय ते असं: 'घरातला एक जण कायम गावात राहील.' बस. नवस पुरा झाला. धाकटा, म्हणजे रेवतीचे वडील, मुंबईत चिकटले, डोंबिवलीत ब्लॉक घेतला, मुलगी शिकली. आणि थोरला, म्हणजे काका, गावात राहिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, आंबे घेऊन परत जातात, आणि हा माणूस 43 वर्षं रोज शिवेवर विडी ठेवतो. लग्न केलं नाही, कारण मूल झालं तर तेही अडकेल. वर्षाला राखणेचा कोंबडा तोच देतो. आता भाऊ गेला, स्वतः थकला, आणि घरात पुढचं माणूस म्हणजे रेवती.

हे सुचलं तसं लिहिलं. तुम्ही ते टाकून दिलंत तरी चालेल. पण बघा, असं केल्यावर मांत्रिकाची गरजच उरत नाही. राखणदाराला कोणी बांधलं असेल तर ते काकांनीच, सुटका व्हावी म्हणून. लाल डोळ्यांचा, कवट्या बाळगणारा माणूस वाचकाला घाबरवत नाही, कारण वाचक कधी तसा होणार नसतो. पण आपल्या भावाच्या सुखाची किंमत आयुष्यभर मोजलेला माणूस शेवटी काय करील, याची भीती वाटते. काकांची तक्रार शंभर टक्के खरी ठेवा. रेवतीला तिचं उत्तर देता येऊ नये.

याच ठिकाणी तुमच्या जगाचा सगळ्यात चांगला कागद कामाला येतो, तो म्हणजे सातबारा. वडील गेल्यावर वारस नोंद करायची, म्हणजे अर्ज, मृत्यूचा दाखला, फेरफार, गाव नमुना सहामधली नोंद, संबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी पंधरा दिवस. चंद्राच्या कलांचं तुमचं वेळापत्रक मी तोडा म्हणणार होते, पण हे पंधरा दिवस धरले तर ते राहू शकतं. नोटीस पौर्णिमेला चावडीवर लागते, मुदत अमावास्येला संपते. वाचकाला दिवस मोजायला लावायचे असतील तर महसूल खात्यासारखा आधार नाही, कारण ते पंधरा दिवस त्याने स्वतः कधीतरी मोजलेले असतात.

कोकणातला सातबारा उघडला की सामाईक नावांची रांग लागते, त्यातली निम्मी वारलेली, काहींचे वारस कुठे आहेत पत्ता नाही. खाली 'इतर अधिकार'चा रकाना असतो. कुळाची नोंद, बोजा, विहिरीचा हक्क, वाटेचा हक्क असलं तिथे असतं. तुमच्या कादंबरीत त्या रकान्यात एक जुनी नोंद असू द्या, मोडीतून उतरवताना कोणीतरी चुकवलेली, जिचा अर्थ तलाठ्यालाही लागत नाही आणि काढून टाकायची त्याची हिंमतही होत नाही. सात घराण्यांच्या दीड पानापेक्षा ही एक ओळ जास्त काम करील.

मग काका रेवतीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. हा प्रसंग तुमच्या कादंबरीचा कणा व्हायला हवा. वडिलांच्या हिश्शावर मुलीचा हक्क आहेच. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही तिचा वाटा मुलाइतकाच आहे. तरी घरोघरी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे: 'तुला काय करायचीय ती जमीन, सही करून टाक.' मुली सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. वाचक हा प्रसंग वाचताना काकांना लबाड समजेल, आणि समजू द्या. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो फक्त तुमच्या जगात उभा राहतो. देणं रक्तावर आहे की जमिनीवर? रेवतीने हक्क सोडला तर देणंही सुटतं का? देणं जमिनीवर असेल, तर काका रिसॉर्टवाल्याला जमीन विकून ते त्याच्या गळ्यात घालू बघतायत आणि विक्रीला रेवतीची सही हवीय. त्या माणसाची बायको-मुलं तिथे राहायला येणार आहेत. देणं रक्तावर असेल, तर सहीने जमीन जाईल आणि देणं तसंच राहील. काकांना नक्की माहीत नाही. कौल लावला तर उत्तर होय किंवा नाही एवढंच मिळेल, आणि प्रश्न काका विचारणार.

बघा, इथे पात्र आणि नियम सुटे काढता येत नाहीत. रेवतीने सही केली तर ती कोण आणि नाही केली तर कोण, हे कळायला तिचा आवडता रंग, तिची शाळा, तिचा ब्रेकअप यांची यादी लागणार नाही. तुमच्या वहीत ती यादी आहे, चार पानांची. तिच्यातलं एकच ठेवा: तिला ऑफिसकडून बंगळुरूला बदली मिळालीय आणि ती तिने घरी सांगितलेली नाही. 'एक जण कायम गावात' या नवसाला ती नेमकी आडवी येते.

आता दोन गोष्टी जरा कडक बोलते.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात करणी खरी निघते आणि ती करणारी गावातली एकटी राहणारी विधवा असते. हे काढा. महाराष्ट्रात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालीय, जीव घेतले गेलेत. करणी करणारी बाई तुमच्या जगात खरी असेल, तर त्या सगळ्या बायकांवरचा आरोप खरा होता, असं तुमची कादंबरी नकळत म्हणते. काल्पनिक आहे म्हणून सुटता येत नाही. शक्ती जागेची ठेवा, शिवेची, झाडाची, कराराची. शेजारणीच्या नजरेची नको. ती विधवा कथेत जरूर हवी. तिच्यावर गावाने आळ घेतलाय आणि तो खोटा आहे, हे तुमच्या जगात फक्त राखणदाराला माहीत आहे, असं करून पाहा.

दुसरं, बुवाबाजीविरोधात बोलणारा शिक्षक तुम्ही हास्यास्पद केलाय. तो 'भूतबीत काही नसतं' म्हणतो आणि पुढच्या पानावर किंचाळत पळतो. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे त्यात, आणि त्याची अंमलबजावणी बघायला पोलिसांत दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. तुमची कथा 2025 मधली आहे, म्हणजे हा कायदा आणि ही हत्या त्या गावालाही माहीत आहे. तो शिक्षक कादंबरीतला सगळ्यात तल्लख माणूस करा. त्याने विचारलेले प्रश्न असे हवेत, की तुमचं जग त्यांच्यापुढे टिकायला धडपडलं पाहिजे. राखणदाराच्या नावावर कोण पैसा खातं ते तो शोधील, आणि त्यात तो बरोबर असेल. राखणदार खरा असूनही तो बरोबर असेल, हे जमवलंत तर मजा येईल.

भुतांच्या प्रकारांची तुमची यादी चांगली आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की मुंजा व्हायला मुंज झालेली लागते, आलवंतीण होते ती बाळंतपणात गेलेली बाई. मेल्यावरही कोणाची जात आणि कोणाचं बाईपण सुटत नाही, असं ती परंपरा सांगते. त्यातली दोन घ्या आणि ती माणसं कशी मेली ते लिहा. बाकीची वहीत राहू देत.

मालवणीचं विचारलंत. भरपूर वापरा, कंसात अर्थ देऊ नका. 'कधी इलंस?' कळायला कोणाला अडचण नाही. आत्ता तुमच्याकडे फक्त गडी आणि म्हाताऱ्या मालवणी बोलतात, आणि शहाणी माणसं प्रमाण मराठी. त्यामुळे बोली अडाण्यांची ठरते. काकांचं सगळ्यात खोल बोलणं मालवणीत येऊ द्या. रेवतीला समजते, पण ती डोंबिवलीच्या मराठीत उत्तर देते, लाजेने म्हणा, सवयीने म्हणा. शिवेवर मात्र तिला गाऱ्हाणं घालायची वेळ आली, तर ते कोणत्या बोलीत निघेल? तिची जीभ अडखळेल. तो अडखळणारा मजकूर नीट, सावकाश लिहा, आणि लिहून झाल्यावर गावाकडच्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वेंगुर्ल्याची आणि देवगडची बोली एक नाही, कान लगेच पकडतात.

वह्या फाडू नका, पण दोन महिने उघडूही नका. आधी 1982 चा शिमगा लिहा, दहा-बारा पानं, आजोबांच्या बाजूने. ती कादंबरीत जाणार नाहीत, तुम्हाला स्वतःला माहीत हवीत म्हणून. मग तिसरं प्रकरण बाजूला ठेवून थेट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात या. बाकड्यावर काका बसलेत, फोटो आणि अंगठ्यासाठी पुकारा व्हायचाय, रेवतीच्या पिशवीत बंगळुरूचं पत्र आहे आणि हक्कसोडपत्राच्या तिसऱ्या पानावर गट नंबर चुकलाय, हे फक्त तिच्या लक्षात आलंय. ती सांगते की गप्प बसते, ते लिहून मला पाठवा.